मोजताना कुणी सुटू नये

आई, तुळजापूरच्या भवानी,

सहा हजारांत एक. जन्माला येणाऱ्या साधारण सहा हजार बाळांमध्ये एका बाळाला हा आजार असतो. ट्यूबरस स्क्लेरॉसिस असं त्याचं नाव. आम्ही आया नुसतं टीएससी म्हणतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून माझं गाऱ्हाणंही आकड्यांतूनच येतं. माझ्या लेकीसाठी मागायचं आहेच, आणि ते मी न सांगता तू जाणतेस. पण आज पदर पसरला आहे तो तिच्यासोबतच्या सगळ्यांसाठी. जी मुलं या हिशेबात आहेत आणि कुठल्याच वहीत नाहीत, त्यांच्यासाठी.

हिशेब सोपा आहे. आपल्या देशात वर्षाला सव्वादोन कोटींवर बाळं जन्मतात. सहा हजारांनी भागलं की पावणेचार-चार हजार मुलं येतात. एकट्या महाराष्ट्रात तीनशेच्या आसपास, म्हणजे आठवड्याला पाच-सहा. हा आजार जात बघत नाही, धर्म बघत नाही, मुलगा की मुलगी हेही बघत नाही. पॅरिसला जितका, तितकाच परंड्याला. मग आई, या आठवड्यातली आपली पाच-सहा बाळं कुठे आहेत? गेल्या आठवड्यातली कुठे गेली?

मला माहीत आहे कुठे गेली. ती घरातच आहेत. कुणाला गावानं फिटवाला म्हटलं, कुणाला खुळी म्हटलं, कुणावर करणी झाली असं ठरलं. आणि काहींच्या बाबतीत लोकांनी तुझं नाव घेतलं. अंगात देवीचं वारं येतं, असं म्हटलं.

याच्यावरच मला तुझ्याशी आधी बोलायचं आहे.

बाळ चार-पाच महिन्यांचं असतं. झोपेतून उठतं आणि एकदम मान खाली घालतं, दोन्ही हात वर येतात, गुडघे पोटाशी जातात. क्षणभरच. मग पुन्हा. मग पुन्हा. असे दहा-वीस झटके ओळीनं येतात आणि थांबतात. आजी म्हणते पोटात कळ येते, शेजारीण म्हणते दचकतंय, कुणी म्हणतं बघा कसा नमस्कार करतोय. वेस्ट नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून अशा झटक्यांचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. ते मूल त्यांचं स्वतःचं होतं. सगळं करून हरलेल्या बापानं जगातल्या डॉक्टरांना विचारलेलं ते पत्र आहे, कुणाला यावर काही माहीत आहे का म्हणून. त्या बापाला तू ओळखत असशील. तुझ्या पायऱ्यांवर त्याच्यासारखे रोज येतात.

टीएससीच्या मुलांमध्ये हे झटके थांबवणारं औषध आज आहे, व्हिगाबॅट्रिन. ते जितकं लवकर मिळेल तितकी बाळाची वाढ वाचण्याची आशा जास्त. प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. आणि तेच आठवडे, आई, अंगारा लावण्यात जातात, लिंबू उतरवण्यात जातात, तुझ्या नावानं बोललेला नवस फेडण्यासाठी कोंबडं शोधण्यात जातात. आईबाप निर्दयी नसतात. त्यांना तुझ्याशिवाय दुसरा दरवाजा माहीत नसतो, इतकंच.

म्हणून हे पहिलं मागणं. ज्या बाईच्या अंगात तू येतेस, मळवट भरून जी घुमते आणि जिच्यापुढे सगळं गाव हात जोडतं, तिच्या तोंडून तू बोल. समोर असं झटके येणारं लेकरू आणलं की तिच्या तोंडून स्वच्छ सांग, हे माझं वारं नाही, याला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. माझ्यासारख्या मास्तरणीनं सांगितलेलं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. तुझा शब्द तिथे चालतो, तो तू या लेकरांसाठी खर्च कर.

दुसरं मागणं आमच्या आशाताईंसाठी आहे. बाळ जन्मल्यावर त्या घरोघर जातात, वजन करतात, नाळ बघतात, अंगावरचं दूध नीट पितंय का विचारतात. या आजाराच्या दहांतल्या नऊ मुलांच्या अंगावर फिकट पांढरे डाग असतात, बरेचदा लांबट पानासारखे, पोटावर, पाठीवर, मांडीवर. गोऱ्या अंगावर ते दिसायलाही जांभळ्या दिव्याची गरज पडते. आमच्या सावळ्या लेकरांवर ते नुसत्या डोळ्यांना दिसतात. ही तर तू आम्हाला दिलेली सवलतच म्हणायची. पण पांढरा डाग दिसला की घराला कोडाची धास्ती बसते. मुलगी असेल तर जास्तच. पूर्ण बाह्यांचं झबलं घालतात आणि पाहुण्यांपुढे उघडं करत नाहीत. झाकलेल्या डागासोबत आजारही झाकला जातो. आशाताईच्या नजरेला तू हे डाग ओळखायला शिकव. एखादा डाग पुष्कळांना असतो, त्यात काही नाही, पण तीन किंवा जास्त असले आणि सोबत झटके असले तर तिच्या मनात पाल चुकचुकू दे.

आता सासरचं. तू स्वतः लेकीबाळींची आई आहेस म्हणून तुझ्यापुढे बोलते. असं मूल झालं की आधी बाईचं माहेर काढतात. तुमच्याकडे कुणाला होतं का? तुझ्या आजोळी कुणी वेडं होतं का? आणि नवराबायको मामेभाऊ-आतेबहीण असतील तर मग विचारायलाच नको, रक्त जवळचं पडलं म्हणतात. काही आजार तसे असतात हे खरं आहे. हा तसा नाही. इथे दोन्हीकडून दोष जमा व्हावा लागत नाही. एका जनुकाची एक प्रत बिघडली की पुरतं. आणि तीनांतल्या दोन मुलांमध्ये हा बिघाड नव्यानंच झालेला असतो, आईत नाही, बापातही नाही. उरलेल्या एकात तो आईबापांपैकी कुणाकडून आलेला असतो, आणि तेव्हा पुढच्या प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

त्या उरलेल्या एकातही किती घरांत काय घडतं ते तू बघितलं आहेस. लेकराचा तपास चालू असताना डॉक्टर सहज बापाच्या तोंडाकडे बघतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर बारीक लालसर पुळ्या. कॉलेजपासून तो त्यांना मुरूम समजून मलम लावत आलेला. ते मुरूम नसतात. तोही या हिशेबातलाच असतो आणि चाळीस वर्षं त्याला कुणी मोजलेलं नसतं, कारण त्याला कधी फिट आलेली नसते, तो शिकलेला असतो, नोकरी करत असतो. त्या खोलीत त्या माणसाचा चेहरा कसा होतो, आई. त्याच्या मनातून अपराधाचा काटा काढून घे. आणि ज्या सुनेला माहेरावरून बोलणी बसली तिच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा तीनांतल्या दोनांचा हिशेब कळण्याइतकी बुद्धी दे. वाटलं तर मी येऊन फळ्यावर समजावून सांगेन.

तुझी करणी मला सगळीच कळत नाही. पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत कधी कधी हृदयात गाठी दिसतात. आईला वाटतं सगळं संपलं. आणि जन्मल्यावर याच गाठी बहुतेक मुलांमध्ये आपोआप लहान होत जातात, काहींच्या तर पार विरून जातात, औषध नाही, ऑपरेशन नाही. मेंदूतल्या गाठी मात्र राहतात, आणि त्यांतली एखादी वाढू लागते. एकच जनुक, एकच देह. हृदयाला तू सोडवतेस, मग मेंदूला का नाही? हे मी भांडण म्हणून विचारत नाही. खरंच विचारते.

जी गाठ वाढते तिला डॉक्टर सेगा म्हणतात. ती कॅन्सरची नसते. सावकाश वाढते. गाठ साधी असते, पण जागा वाईट असते. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या आहेत, दोन बाजूंना दोन आणि मध्ये एक. बाजूचं पाणी मधल्या पोकळीत उतरतं ते अगदी बारीक छिद्रांतून, आणि ही गाठ नेमकी त्या छिद्राशी उगवते. पाटाच्या तोंडाशी धोंडा अडावा तसं पाणी मागे तुंबत जातं आणि डोक्यात दाब वाढतो. मग डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, नजर कमी होणं, थांबलेल्या फिट पुन्हा सुरू होणं. वेळेत कळलं नाही तर जीव जातो.

कुणाला होते ही गाठ, कोणत्या वयात, किती जणांना? याची मोठी मोजणी टोस्का नावाच्या नोंदणीत झाली. ३१ देशांतले २,२०० हून जास्त रुग्ण. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याला सेगा होता. निदानाचं मध्यावरचं वय ८ वर्षं, म्हणजे निम्म्यांना त्याच्या आधीच सापडला. चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त जणांना तर दोन वर्षांच्या आतच. आणि हा आजार ज्या दोन जनुकांपैकी एखाद्याच्या बिघाडानं होतो त्यांतलं सोळाव्या गुणसूत्रावरचं जनुक, टीएससी टू, ज्यांचं बिघडलं होतं त्यांच्यात तिसऱ्या हिश्श्याला ही गाठ होती. नवव्या गुणसूत्रावरचं, टीएससी वन, बिघडलेल्यांत मात्र आठांतल्या एखाद्यालाच. पंचविशी ओलांडली की नव्यानं ही गाठ होणं विरळ होतं. म्हणूनच डॉक्टर सांगतात की त्रास असो वा नसो, दर एक ते तीन वर्षांनी एमआरआय करा, पंचवीस वर्षांचे होईपर्यंत.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. ती या मोजणीच्या मध्याजवळच उभी आहे. तिला गाठ आहे, तिचं बिघडलेलं जनुकही सोळाव्यावरचंच. हे आकडे वाचताना मला पहिल्यांदा असं वाटलं की आपण एकट्या नाही. एवढ्या देशांतल्या एवढ्या आया याच वयात याच छिद्राकडे बघत बसल्या आहेत. ज्यांनी ही मोजणी केली, ज्यांनी आपल्या लेकरांची माहिती तिच्यात दिली, त्या सगळ्यांच्या घरात तुझी कृपा राहू दे.

पण आई, गणिताची माणसं म्हणून आम्हाला एक विचारावंच लागतं. मोजलं कुठे? जिथे एमआरआयचं यंत्र आहे तिथे. जिथे जनुकाची तपासणी होते तिथे. एके काळी हा आजार लाखांत एकाला होतो असं पुस्तकात छापलेलं असायचं. आजार मधल्या काळात सोळापट झाला नाही, बघणारे वाढले. पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयात बूर्नव्हील यांनी १८८० साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं ते एका पंधरा वर्षांच्या मुलीचं, तेही तिच्या मरणानंतर मेंदू उघडून बघितल्यावर. नंतर १९०८ मध्ये फोक्ट यांनी तीन खुणा सांगितल्या, फिट, मंद बुद्धी आणि चेहऱ्यावरच्या पुळ्या, आणि पुढची सत्तर वर्षं डॉक्टर या तिन्ही असतील तरच टीएससी म्हणत राहिले. मॅनुएल गोमेझ यांनी १९७९ साली मायो क्लिनिकमधले आपले रुग्ण मोजले तर तिन्ही खुणा असलेले तिसरा हिस्सासुद्धा भरेनात. म्हणजे उरलेले सगळे, हुशार होते ते, फिट न आलेले ते, इतकी वर्षं मोजणीबाहेर होते. ते नव्हते असं नाही. त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

आज आमच्या मुलखात तेच चाललं आहे. एखाद्या नकाशावर मराठवाडा कोरा दिसला तर त्याचा अर्थ इथे आजार नाही असा होत नाही, इथे यंत्र लांब आहे असा होतो. लहान मूल एमआरआयच्या नळकांड्यात स्थिर पडत नाही, त्याला भूल द्यावी लागते, म्हणजे भूल देणारा डॉक्टर हवा, म्हणजे तारीख हवी, म्हणजे शहरात राहायची सोय हवी, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडणार. यातल्या एका पायरीवरून घर मागे फिरलं की एक आकडा कमी झाला. आणि मागे फिरायची वेळ आली तर मुलाला नेतात, मुलीला पुढच्या महिन्यात म्हणतात. हे तू गाभाऱ्यातून रोज बघतेस. आजार दोघांना सारखा आला आणि दवाखान्याच्या वहीत मुलगे जास्त निघाले, तर तो आकडा तुझ्या निसर्गाचा नव्हे. तो आमचा आहे. तो बदलायचं बळ आम्हालाच दे.

आणि ज्या लेकरांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी मी आणखी काय मागू? या आजारातल्या निम्म्याच्या आसपास मुलांत स्वमग्नता असते. डोकं दुखतंय हे सांगायला शब्द लागतात. त्या मुलांकडे ते नसतात. ती भिंतीवर डोकं आपटतात, हात चावून घेतात, रात्रभर झोपत नाहीत, काल येत होतं ते आज विसरतात. बघणारे म्हणतात हट्टी झालाय, लाडानं बिघडलाय. त्या आईच्या मनात तू शंका घाल. तिला म्हण, हे वागणं नाही, हे दुखणं आहे, एकदा डोकं तपासून घे. शाळेत माझ्यासारख्या बाईच्या मनातही घाल, कारण वर्गात त्याला मागच्या बाकावर बसवणारी तीच असते.

आता आभार. नुसतं मागत राहणं तुला आवडत नाही असं माझी आजी म्हणायची.

आई, माझ्या लेकीची गाठ लहान झाली ती एव्हरोलिमस नावाच्या गोळीनं. ती गोळी ज्या औषधापासून झाली ते मातीतून निघालं. पॅसिफिक महासागरात, चिलीपासून साडेतीन हजार किलोमीटरवर, रापा नुई नावाचं बेट आहे, नकाशात त्याला ईस्टर बेट म्हणतात. १९६४ च्या अखेरीस कॅनडाहून डॉक्टर आणि शास्त्रज्ञांची एक तुकडी जहाजानं तिथे गेली. अनवाणी चालणाऱ्या तिथल्या लोकांना धनुर्वात का होत नाही असा एक प्रश्न त्यांना पडला होता, म्हणून त्यांनी मातीचे नमुने गोळा केले. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत त्या मातीतल्या एका जिवाणूनं तयार केलेलं द्रव्य सापडलं. बेटावरूनच त्याचं नाव ठेवलं, रापामायसिन.

त्या द्रव्याच्या पाठीमागे ज्यांनी आयुष्य लावलं ते सुरेन सेहगल. पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात १९३२ साली जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्र शिकलेले. पुढे त्या प्रयोगशाळेला टाळं लागलं, काम थांबवायचा हुकूम झाला. सेहगलांनी तो जिवाणू टाकून दिला नाही. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला आणि अमेरिकेला जाताना सोबत नेला. काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी ते औषध मान्य झालं. आमच्या मुलांच्या मेंदूतल्या गाठीवर ते चालतं हे छापून आलं २००६ साली. सेहगल २००३ मध्ये गेले होते. त्यांना हे बघायला मिळालं नाही, आई. तू त्यांना सांग. सोळाव्या गुणसूत्रावरच्या जनुकाचं जे प्रथिन आमच्यातल्या पुष्कळ मुलांत धड होत नाही, त्याचं पेशीची वाढ आवरण्याचं काम या द्रव्याची धाकटी बहीण करते, आणि धाराशिव जिल्ह्यातली एक मुलगी ती रोज सकाळी पाण्याबरोबर घेते.

त्या बेटावरच्या माणसांनाही विसरू नकोस. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथली माणसं पकडून नेली. परत आलेले थोडेजण देवीच्या रोगाची साथ घेऊन आले. १८७७ साली बेटावर १११ माणसं उरली होती. एकशे अकरा. माझ्या शाळेच्या पटावर याहून जास्त नावं असतात. त्यांच्या पायाखालच्या मातीवर जगानं केवढा पैसा केला, आणि त्यांच्या पदरात काही पडलं नाही. ज्यांच्या ऋणात आपण आहोत त्यांचं नाव घेऊन दिवा लावावा असं तूच शिकवलंस, म्हणून त्यांचंही नाव घेते.

आणि एकोणचाळीस जणांचं. एव्हरोलिमसची मोठी चाचणी झाली तेव्हा ११७ रुग्ण होते. ७८ जणांना खरी गोळी दिली, ३९ जणांना औषध नसलेली. कुणाला कुठली हे त्यांनाही माहीत नव्हतं. खऱ्या गोळीच्या ७८ मधल्या २७ जणांच्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या. ३९ मधल्या एकाचीही झाली नाही. त्यांच्याही डोक्यात वाढणारी गाठ होती. त्यांच्याही आया सकाळी तीच गोळी त्याच आशेनं देत होत्या. ती शून्याची ओळ त्यांनी भरली म्हणून वरची ओळ खरी ठरली. पुढे त्यांनाही खरं औषध देण्याची सोय झाली, पण तोपर्यंत त्यांनी वाट बघितली ती आमच्या लेकरांसाठी. मला त्यांची नावं माहीत नाहीत, आणि कळायला नकोतही. तुला माहीत आहेत. ते जिथे असतील तिथे त्यांच्या गाठी लहान राहू देत.

ही गोळी सुरू ठेवावी लागते. सोडली की गाठ पुन्हा वाढू लागते. तोंड येतं, इतकं की भाकरी दुधात कुस्करूनही गिळवत नाही. सर्दी-तापाला जपावं लागतं. आणि किंमत अशी की ती ऐकून काही बाप दवाखान्याच्या जिन्यात खाली बसतात. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यापर्यंत ती स्वस्तात पोचू दे, सरकारी यादीत येऊ दे, औषध संपलंय असं कुठल्याही खिडकीवर ऐकायला न मिळो. जिथे गोळीनं भागत नाही आणि पाणी तुंबलेलंच आहे, तिथे ऑपरेशन करणाऱ्या हातांना थरथर येऊ देऊ नकोस.

माझी लेक मोठी होईल. या आजाराच्या बायकांना पुढे एक वेगळा धोका असतो, फुप्फुसांत बारीक पोकळ्या होत जातात आणि धाप लागू लागते. पुरुषांना तो जवळजवळ होतच नाही. इथे मात्र आजारानं बाईमाणूस निवडलं, आणि हे का ते मी तुला आज विचारत नाही. फक्त तो धोका वेळेत दिसू दे. मूत्रपिंडातल्या गाठीही वयाबरोबर येतात, त्याही.

आणि आता जे रोज रात्री येतं आणि तोंडातून निघत नाही ते. आत्तापर्यंतचं सगळं मुलांचं झालं. लहान मुलांचे डॉक्टर, लहान मुलांचे वॉर्ड, लहान मुलांचे आकडे. अठरा पूर्ण झाली की तिला सांगतील, आता मोठ्यांच्या ओपीडीत जा. मोठ्यांच्या ओपीडीत मेंदूचा डॉक्टर वेगळा, मूत्रपिंडाचा वेगळा, फुप्फुसाचा वेगळा, आणि सगळं एकत्र बघणारं कुणी नाही. आज ते एकत्र बघणारी मी आहे. कुठल्या वर्षी गाठ किती मिलिमीटर होती, कुठल्या औषधानं तिला पुरळ आलं, फिट यायच्या आधी ती डाव्या हाताची बोटं कशी चोळते, हे माझ्या डोक्यात आहे. मी कायमची नाही. तिच्या धाकट्या भावाच्या मनात तिच्याबद्दल माया आहे, ती राहू दे, पण त्याच्या खांद्यावर मी तिला ओझं म्हणून ठेवणार नाही.

म्हणून एक माणूस माग. म्हणजे मी तुझ्याकडे मागते आणि तू जगाकडे माग. आज कुठल्या तरी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असलेली एखादी मुलगी, कदाचित माझ्याच शाळेतून गेलेली. मोठ्यांची डॉक्टर झाली तरी या आजाराची मुलं मोठी होतात हे तिला माहीत असू दे. माझ्या लेकीची फाइल जाड आहे, ती पहिल्या पानापासून वाचायला तिच्याकडे वेळ असू दे. आणि बाहेर बाकावर बसलेल्या, आजवर कुणी न मोजलेल्या, गालांवर पुळ्या असलेल्या चाळिशीच्या माणसालाही तिनं आत बोलवावं. माझी लेक अठराची व्हायला अजून नऊ वर्षं आहेत. एवढ्यात तुला ती सापडेल, आई.